हौसेची पेटी

मागच्या खेपेला आपण गटाच्या हिशेबाच्या वह्यांविषयी बोललो होतो. आज वही नाही, हप्ता नाही, व्याजाचा दरही नाही. आज आम्ही बोलणार आहोत आमच्या हौसेविषयी, म्हणजे भजनाविषयी, पेटीविषयी, आणि ही हौस घरात बसवताना काय काय होतं त्याविषयी.

आम्ही म्हणजे पनवेल तालुक्यातल्या एका गावातल्या अकरा जणी. गट बचतीचाच. पण दर मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी साडेतीनला आम्ही भजनाला बसतो. साडेतीनच का? तर तोवर दुपारची भांडी घासून होतात आणि साडेपाचला नळाला पाणी येतं. त्या दोन तासांच्या फटीत आमचं सगळं संगीत मावतं. आमच्यात कुणी नावाजलेली गायिका नाही. एक अंगणवाडीत मदतनीस आहे, दोघी पनवेलच्या बाजारात भाजी घेऊन बसतात, एक तळोज्याच्या एमआयडीसीत पॅकिंगला जाते, बाकीच्यांचं घर आणि शेती. गाण्यावर आमचं पोट नाही. म्हणून तर त्याला हौस म्हणायचं.

आता कुणी म्हणेल, बायका गातात त्यात नवल काय? खरंच नाही. आपल्या आज्या जात्यावर बसून पहाटे ओव्या गात होत्या. गी प्वातवाँ आणि हेमा राईरकर या दोघांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. एक लाख! त्या बायांनी कुठे क्लास लावला होता? आणि आपल्या आगरी-कोळी भागात तर धवलारीण होती, अजूनही कुठे कुठे आहे. लग्नात हळदीपासून पुढचे विधी तिच्या धवल्यांवर चालायचे. ती पुढे म्हणायची, मागे बायका झेलायच्या. ना पेटी, ना पखवाज. सगळं तोंडपाठ, आणि विधी कुठे थांबायचा, कुठे पुढे जायचा तेही तिच्या गाण्यावर ठरायचं.

म्हणजे गळा आपला होताच. आपल्याकडे नव्हती ती वाद्यं. टाळ हातात यायचे फार तर. पेटी आणि पखवाज पुरुषांच्या मंडळाचे, देवळाच्या कपाटात कुलपात. आम्ही सुरुवात केली तेव्हा पेटीवर गावातले एक बुवा यायचे. माणूस भला, कधी पैसे मागितले नाहीत. पण त्यांच्याबरोबर गायलो की दुसऱ्या दिवशी आमचे घसे बसलेले. आम्हाला वाटायचं, आपल्याला गाताच येत नाही. दोघी तर त्यामुळेच यायच्या बंद झाल्या. वर्षभराने कळलं की दोष गळ्याचा नव्हता, पट्टीचा होता.

हे जरा नीट सांगतो, कारण बायकांच्या बहुतेक भजनी मंडळांत हीच अडचण असते आणि कुणी सांगत नाही.

पेटीवर पांढऱ्या पट्ट्या असतात आणि काळ्या असतात. सा कुठल्याही पट्टीवरून सुरू करता येतो. ज्या पट्टीवर तुमचा सा, ती तुमची पट्टी. पुरुष मंडळी साधारण काळी एक किंवा काळी दोनमध्ये गातात. आता बाईचा आवाज मुळात उंच. आपल्या गळ्यात स्वरतंतू म्हणून दोन पातळ घड्या असतात, त्या हवेने थरथरल्या की आवाज निघतो. पुरुषाच्या घड्या लांब आणि जाड, त्या बोलताना सेकंदाला साधारण १०० ते १३० वेळा थरथरतात. बाईच्या आखूड आणि बारीक, त्या १८० ते २२० वेळा. मोठ्या डोलाचा आवाज ढोबळ आणि छोट्या घुंगराचा बारीक, तसंच हे.

मग बुवांच्या काळी एकमध्ये आम्ही गायला लागलो की काय व्हायचं? त्यांच्याच सप्तकात गेलो तर आवाज खाली पोचायचा नाही, नुसती हवा. वरच्या सप्तकात चढलो तर मधलं मधलं जमायचं, पण अभंगाचा अंतरा वरच्या साला गेला की किंचाळणं. खाली विहीर, वर माळा, आणि आम्ही मधे शिडीशिवाय.

आपली पट्टी शोधायची रीत सोपी आहे. सकाळी उठल्या उठल्या करू नका, तेव्हा आवाज जड असतो. दुपारी करा. पेटीवर एक एक पट्टी खाली खाली उतरत जा आणि प्रत्येक सुराला आऽ म्हणा. जिथे आवाज अजून स्वच्छ लागतो, घरघर होत नाही, अशी सगळ्यात खालची पट्टी धरा. तिथून काळ्या-पांढऱ्या दोन्ही मोजत पाच पट्ट्या वर चढा. तिथे तुमचा सा. उदाहरण घ्या. तुमचा आवाज खाली काळी दोनपर्यंत नीट लागला. तिथून वर मोजा. पांढरी तीन, पांढरी चार, काळी तीन, पांढरी पाच, काळी चार. झाल्या पाच. तुमची पट्टी काळी चार. मग वर जाऊन बघा, वरचा सा आणि त्याच्या पुढचे रे, ग ओढाताण न करता लागतात का. लागले तर ठीक. नाही लागले तर एक पट्टी खाली या.

अकरा जणींच्या अकरा पट्ट्या निघतात, हे आलंच. आमच्यातल्या तरुण मुलींना काळी चार, काळी पाच सोपी. साठीच्या काकींना पांढरी चारच्या वर नको वाटतं. शेवटी पांढरी पाचवर समेट झाला. काकी वरच्या ओळीला नुसते टाळ वाजवतात आणि खालच्या ओळीला असा आवाज लावतात की मुलींना गप्प बसावं लागतं.

पखवाज वाजवणारा मुलगा सुरुवातीला म्हणाला, "काकी, माझा पखवाज पांढरी पाचला चढणार नाही, पुडी फाटेल." खरं होतं त्याचं. पण त्याच्याच गुरुजींनी तोड सांगितली. सा जमत नसेल तर पखवाज गाणाऱ्याच्या पंचमात लावायचा. पांढरी पाचचा पंचम येतो पांढरी दोनवर. त्याचा पखवाज काळी दोनचा, म्हणजे एक पट्टीच खाली आणायचा होता. चार गठ्ठे हातोडीने ठोकून सैल केले की झालं. आता तो दर मंगळवारी डाव्या पुडीला कणीक लावत बसतो आणि ती कणीक कुणाच्या घरून आणायची यावर आमचे वाद होतात.

एवढं कळल्यावर बुवांना आम्ही सांगितलं, की बुवा, पांढरी पाचमध्ये वाजवा. त्यांनी दोन मंगळवार प्रयत्न केला. त्यांची बोटं काळी एकला बसलेली, चुकायला लागले. तिसऱ्या मंगळवारी आले नाहीत. भांडण काही झालं नाही, पण पेटी गेली. मग प्रश्न आला, आता वाजवणार कोण, आणि कशावर?

आमच्यातली एक पुढे झाली. तिला आपण पेटीवाली म्हणू, गावात आता तेच नाव पडलंय. तेव्हा ती चव्वेचाळीस वर्षांची. गटाच्या शिलकीतून आणि प्रत्येकीच्या थोड्या थोड्या वर्गणीतून साडेसहा हजारांना एक जुनी पेटी घेतली. घरी आणली तेव्हा तिचे यजमान म्हणाले, "एवढ्यात शेळी आली असती." तिने उत्तर दिलं नाही. शेळीसुद्धा रोज ओरडतेच, एवढंच आम्ही म्हणालो.

पेटी म्हणजे काय ते आम्हाला पहिल्यांदा ती उघडल्यावर समजलं. मागे भाता असतो, तो डाव्या हाताने मारायचा. ती हवा आतल्या दुसऱ्या भात्यात साठते, त्याला स्प्रिंगा असतात, म्हणून हात थांबला तरी सूर क्षणभर चालू राहतो. पट्टी दाबली की आतलं एक झाकण उघडतं आणि हवा पितळेच्या एका पातळ जिभेवरून जाते. ती जीभ थरथरते, तो सूर. लांब जीभ असेल तर खालचा सूर, आखूड असेल तर वरचा. पुन्हा तेच बघा, गळ्यात जे तेच पेटीत. पुढे जे गोल खटके असतात ते हवेचे दरवाजे. खटके बंद ठेवून भाता मारत बसलं तर भात्याचं कापड फाटतं. आमच्या पोरांनी पहिल्याच आठवड्यात हे करून दाखवलं.

हे वाद्य मूळचं आपलं नव्हे. पॅरिसच्या देबँ नावाच्या कारागिराने १८४२ च्या सुमाराला हार्मोनियमचा परवाना घेतला. त्याची पेटी पायाने हवा मारायची, खुर्चीवर बसून वाजवायची. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी ती खाली बसून, एका हाताने भाता मारून वाजवता येईल अशी केली, म्हणून ती आपल्या देवळांत, नाटकांत, मैफलींत घुसली. आणि गंमत ऐका. आज आम्ही रेडिओवर पेटीचं कौतुक करतोय, पण १९४० साली आकाशवाणीने, म्हणजे तेव्हाच्या ऑल इंडिया रेडिओने, पेटीला बंदी घातली होती. १९७१ साली ती उठायला लागली. कारण काय, तर दोन पट्ट्यांच्या मधला सूर पेटीत नाही. आपला गळा सावरून, घसरून एका सुरावरून दुसऱ्यावर जातो, पेटी उडी मारते. आक्षेप अगदीच खोटा नाही. म्हणून आमची पेटीवाली सांगते, पेटी ऐका पण तिला चिकटू नका. आधी पेटीवर ओळ ऐकायची, मग पेटी बंद करून म्हणायची, मग पुन्हा पेटीवर तपासायची. बंदी उठेपर्यंत गोविंदराव टेंब्यांसारख्या, पी. मधुकरांसारख्या वादकांनी पेटी एवढी बोलती केली होती, की ती कुणाच्या बंदीने मरणार नव्हती. आपले पु. ल. देशपांडे लेखक म्हणून माहीत असतात, पण पेटीची हौस त्यांना जन्मभर होती.

आमच्या पेटीला खरा शत्रू भेटला तो पावसाळा. पनवेलचा पाऊस तुम्हाला सांगायला नको. जूनच्या शेवटी भिंतींना ओल येते आणि लाकूड फुगतं. पहिल्या वर्षी श्रावणात पेटीवालीने भाता मारला आणि एकही पट्टी न दाबता एक सूर आपोआप वाजायला लागला. थांबेचना. शेजारच्या आजी म्हणाल्या, पेटीत काहीतरी शिरलंय. शिरलं काही नव्हतं. एक पट्टी फुगून अडकली होती आणि तिच्याखालचं झाकण उघडं राहिलं होतं. आम्ही घाईने शहरातल्या एका दुरुस्तीवाल्याकडे नेली. त्याने दीड हजार घेतले आणि दोन पितळी जिभा खरवडून ठेवल्या. त्यानंतर ते दोन सूर कायमचे वर चढलेले. नंतर दुसऱ्या एका जाणत्या कारागिराने समजावलं. जिभेचं टोक घासलं की सूर वर जातो, बुडाकडे घासलं की खाली येतो. केसाएवढं घासायचं काम आहे ते. म्हणून टाचणी, ब्लेड, खिळा आत घालू नका, कुणाला घालूही देऊ नका.

आम्ही आता एवढं पाळतो. पेटी जमिनीवर ठेवत नाही, लाकडी पाटावर किंवा स्टुलावर ठेवतो. ओलीच्या भिंतीला टेकवत नाही, चुलीजवळही नाही. वर सुती कापड, प्लास्टिक नाही, कारण प्लास्टिकखाली घाम धरतो. तेलाचा थेंबही घालत नाही. आणि पावसाळ्यात रोज दहा मिनिटं तरी वाजवतो, म्हणजे आतून हवा खेळते आणि झुरळं घर करत नाहीत. उंदीर भात्याचं कापड खातात, म्हणून पेटी कुणाच्या घरी ठेवायची हे मांजर कुणाकडे आहे यावर ठरतं. हसू नका, खरंच तसं ठरतं. अडकलेली पट्टी ओढू नका. दोन-चार दिवस कोरड्या खोलीत राहू द्या, बहुतेक वेळा आपोआप सुटते.

वाद्य आलं, पण शिकवणार कोण? पेटीवालीने आठवड्यातून एकदा पनवेलला एका बाईंकडे जायला सुरुवात केली. त्या बाईंनी तिला परीक्षेला बसवायचं ठरवलं. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ म्हणून संस्था आहे. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, आणि त्यांच्या माघारी त्यांच्या शिष्यांनी १९३१ साली हे मंडळ उभं केलं. आपल्या जवळ वाशीलाही त्याची वास्तू आहे. पहिली परीक्षा प्रारंभिक, मग प्रवेशिका, मध्यमा, विशारद असं चढत जायचं. प्रारंभिकला लेखी पेपर नाही, समोर बसून वाजवायचं नाहीतर गायचं आणि तोंडी प्रश्नांना उत्तरं द्यायची. वय वाढलं म्हणून कुणी परत पाठवत नाही.

परीक्षेच्या दिवशी आम्ही दोघी तिच्याबरोबर गेलो. बाकावर आठ-दहा वर्षांची पोरं आयांच्या हाताला धरून बसलेली, आणि मधे आमची पेटीवाली, नऊवारीत. एका आईने तिला विचारलं, "आजी, तुमची नात कितवीला?" ती म्हणाली, "परीक्षा माझीच आहे." आत गेल्यावर तिचे हात थरथरले, भूप रागाचा पहिला सूरच चुकला. परीक्षकांनी पाणी दिलं आणि पुन्हा सुरुवात करू दिली. पास झाली. त्या दिवशी घरी पोचायला संध्याकाळचे सात वाजले आणि घरात कुणी चहासुद्धा केला नव्हता. तिने पदर खोचला, चहा टाकला, आणि सगळ्यांचा चहा पिऊन झाल्यावर सांगितलं. तेव्हा यजमान म्हणाले, "मग वाजव की जरा." शेळीचा विषय त्यानंतर निघाला नाही.

या निमित्ताने एक माणूस सांगतो. सूर कागदावर लिहायची जी पद्धत आपण वहीत वापरतो, म्हणजे कोमल सुराच्या खाली आडवी रेघ, खालच्या सप्तकाला खाली टिंब, वरच्याला वर टिंब, ती विष्णु नारायण भातखंड्यांची. ते मुंबईत वाळकेश्वरला १८६० साली जन्मले आणि पेशाने वकील होते. गाण्याची त्यांना हौस. १८८४ साली ते मुंबईच्या गायन उत्तेजक मंडळीत गेले, म्हणजे आपल्या भजनी मंडळासारखीच, पण शहरी आणि शिकलेल्या लोकांची. १९०० साली त्यांची बायको गेली, १९०३ साली मुलगी गेली. त्यानंतर त्यांनी वकिली सोडली आणि देशभर हिंडून गवयांकडून चिजा मिळवून लिहून ठेवल्या. दुःखाच्या वेळी कुणी गाणं टाकतं, कुणी धरतं.

आम्हाला हे आठवायचं कारण आहे. तीन वर्षांपूर्वी आषाढात पेटीवालीचे यजमान गेले. शेतात पाय घसरून पडले, डोक्याला मार बसला, पाचव्या दिवशी सगळं संपलं. दहाव्याला भजन झालं, पुरुषांच्या मंडळाचं. ती आतल्या खोलीत बसलेली. आम्ही बाहेर. पेटी बुवांनी वाजवली, तिचीच, पांढऱ्या कपड्यात गुंडाळलेली काढून.

आमच्याकडे वर्षभर सुतक नसलं तरी बाईने घराबाहेर पडायचं नाही, कुणाच्या मंगलकार्याला जायचं नाही, अशी चाल आहे. कुणी मोठ्याने सांगत नाही, पण सगळ्यांना माहीत असते. मंगळवार आला, शुक्रवार आला. आम्ही पेटीशिवाय बसलो. टाळांवर चार अभंग झाले आणि उठलो. श्रावण तसाच गेला. नळाच्या पाण्याला ती भेटायची, पण पेटीचं नाव तिनेही काढलं नाही, आम्हीही नाही.

मग आमच्यातली सगळ्यात म्हातारी, पांढरी चारवाल्या काकी, तिच्या सासूकडे गेल्या. दोघी एकाच वर्षी या गावात सुना म्हणून आलेल्या. काकींनी सरळ विचारलं, "वैनी, तिने बाहेर जायचं नाही ना? बरं. आम्ही आत आलो तर चालेल का?" सासूबाई बराच वेळ बोलल्या नाहीत. मुलगा त्यांचाही गेला होता. शेवटी म्हणाल्या, "या. पण पखवाज नको. नुसती पेटी." म्हणून भाद्रपदापासून आमची बैठक पेटीवालीच्या मागच्या पडवीत हलली. पहिल्या दिवशी ती वाजवायला बसली आणि भाता मारत राहिली, पट्टी दाबली नाही. आम्ही थांबलो. साडेपाचला पाणी आलं, आम्ही उठलो. दुसऱ्या दिवशी तिने सा दिला. पखवाज दिवाळीनंतर आला, तोही सासूबाईंनीच बोलावला. त्या मुलाला म्हणाल्या, "ताल नसला की ह्या धावतात रे."

हे सगळं सुरळीत झालं असं समजू नका. एका घरून आमच्या दोघींना त्या पडवीत जायला बंदी झाली, ती अजून आहे. त्या दोघी आता घरी फोनवर ऐकून पाठ करतात आणि देवळात भजन असलं की येतात.

घरच्यांविषयी तुम्ही सगळ्यात जास्त विचारता. आमचं उत्तर एकच नाही. कुणाच्या घरी नवरा रिक्षाने सोडायला येतो. कुणाच्या घरी मुलाची दहावी म्हणून वर्षभर आवाज बंद. तळोज्याला जाणारी आहे ती शिफ्टमुळे महिन्यातून दोनदाच येऊ शकते. ती रियाज करते बसमध्ये, तोंड मिटून, नुसतं गुणगुणत. हे चालतं बरं का. तोंड मिटून गुणगुणल्याने आवाज तापतो आणि घशाला ताण नाही. भाजीवाल्या दोघी पहाटे टेम्पोत तालाची आवर्तनं मोजतात, भजनी ठेक्याच्या आठ मात्रा बोटांच्या पेरांवर. रोज एक तास मिळाला पाहिजे असा हट्ट धरला असता तर आम्ही केव्हाच मोडलो असतो. रोज पंधरा मिनिटं पुरतात. आठवड्यात एकदा दोन तास ओरडण्यापेक्षा ती बरी.

घशाचं थोडं सांगतो. खडीसाखर, ज्येष्ठमध तोंडात धरलं की बरं वाटतं, धरा. पण गिळलेलं काही स्वरतंतूंवर पडत नाही, ते अन्ननलिकेत जातं. तिथे काही पडलं तर ठसका लागतो. घशाला खरं हवं ते पाणी, दिवसभर थोडं थोडं, आणि विश्रांती. चुलीचा धूर आवाज मारतो. पोरांना शेतावरून हाका मारणंही मारतं. पाळी जायच्या वयात आवाज थोडा खाली उतरतो, कधी चिरकतो. आमच्या दोघींचा उतरला, पट्टी एक खाली घेतली, झालं. थायरॉइड कमी असेल तरी आवाज घोगरा होतो. आणि सर्दी-खोकला नसताना आवाज तीन आठवड्यांहून जास्त बसलेला राहिला तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरला दाखवायलाच हवं, मग तुम्ही गात असा वा नसा. घरात कुणी मिश्री लावत असेल, तंबाखू खात असेल तर आणखी लवकर दाखवा.

पैशांचंही बोलायला हवं. हळदीकुंकवाला, नवरात्रात, सत्यनारायणाला बोलावणी येतात. कुणी पाचशे देतं, कुणी अकराशे, कुणी नारळ आणि चहा. पहिल्या वर्षी आम्ही पैसे वाटून घेतले आणि त्यावरून जे रुसवे झाले ते कर्जावरूनही झाले नव्हते. वाजवणारीला जास्त की सगळ्यांना सारखं? येऊ न शकलेलीला काय? आता नियम केला आहे. आधी रिक्षा-टेम्पोचं भाडं, मग पखवाजवाल्या मुलाचे, उरलेले पेटीच्या डब्यात. वाटणी नाही. पेटीवालीने स्वतःच सांगितलं, मला वेगळे नकोत. पण तिच्या परीक्षेची फी डब्यातून भरायची, हे आम्ही तिच्या विरोधात मंजूर केलं.

आमच्या टाळांचीही एक गोष्ट आहे. नवी मुंबईच्या विमानतळासाठी जी दहा गावं उठली, त्यातल्या एका गावची एक ताई आमच्याकडे आली, माहेरच्या आधाराने. तिच्या गावात बायकांचं मंडळ होतं. गाव उठलं तसं कुणी या सेक्टरला, कुणी त्या सेक्टरला, कुणी भाड्याने लांब. मंडळाचे सहा टाळांचे जोड कुणाकडे ठेवायचे यावर कुणी बोलेना, तेव्हा हिने पिशवीत घालून आणले. त्यांचा आवाज आमच्या टाळांहून खणखणीत आहे. पण ते आमचे नाहीत, हे ती दर वेळी सांगते. वर्षातून एकदा तिच्या जुन्या मंडळातल्या बाया एका देवळात जमतात, त्या दिवशी सहाही जोड घासून, दोऱ्या बदलून ती घेऊन जाते आणि संध्याकाळी परत आणते. गेल्या वर्षी जमलेल्या नऊ जणींना सहा जोड अपुरे पडले, तेव्हा आमचे तीन दिले.

पेटीवाली या हिवाळ्यात प्रवेशिकेला बसते आहे. या वेळी पांढरी पाचचे दोन चढलेले सूर आधी दुरुस्त करून घ्यायचे आहेत, आणि त्यासाठी पेटी चार दिवस नसेल. त्या आठवड्यात मंगळवारी आम्ही नुसत्या ओव्या म्हणणार आहोत. आजूबाजूच्या गावांतल्या कुणाला आजीच्या ओव्या येत असतील तर साडेतीनला या. चहा आमच्याकडे. पुढच्या वेळी पखवाजाला कणीक का लावतात ते त्या मुलालाच इथे आणून विचारू.